सेनानी शंकरराव थोरात

कोल्हापूर नगरीच्या वायव्येस सह्याद्रीच्या एका फाट्यावर पन्हाळगड उभा आहे. १६६० साली भर पावसाळ्यात याच गडावरून शिवाजी महाराज निसटले आणि त्यांची पाठ राखताना बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत आपला देह ठेवला. ही कथा करवीरच्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. रणांगणावर शत्रूशी झुंजता झुंजता प्राण वेचणारा तो वीर, अशी शौर्याची कल्पना त्यामुळे आपल्या मनात घट्ट बसलेली असते. ती कल्पना खोटी नाही. परंतु ती पुरी मात्र नाही. हाती शस्त्र घेऊन शत्रूवर तुटून पडणे हे जसे शौर्य, तसेच शस्त्र चालविण्याचे सामर्थ्य असूनही ते म्यानात ठेवणे आणि खवळलेल्या जमावासमोर रिकाम्या हातांनी उभे राहणे, हेही शौर्यच होय. कित्येकदा हे दुसरे शौर्य अधिक अवघड असते. याच करवीरच्या भूमीत जन्मलेल्या एका सेनानीने आपल्या आयुष्यात या दोन्ही कसोट्या दिल्या आणि दोहोंतही तो खरा उतरला. त्या सेनानीचे नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

शंकररावांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी त्या वेळच्या कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्या काळी संस्थानावर राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. शेतकऱ्यांच्या व मागे राहिलेल्या समाजांच्या मुलांनी शिकावे, मोठ्या अधिकाराच्या जागा मिळवाव्यात, अशी महाराजांना तळमळ होती. त्यासाठी त्यांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभारली आणि होतकरू मुलांना मदतीचा हात दिला. शंकररावांचे वडील डॉ. पांडुरंग पाटील हे अशाच नव्या पिढीचे प्रतिनिधी होते. शेतीशास्त्राचे जाणकार म्हणून त्यांनी लौकिक मिळविला होता. घराण्याचे पाटीलपण आणि विद्येची आवड, या दोहोंचा संस्कार मुलावर घरातच झाला.

मराठ्यांच्या मुलाने सैन्यात जावे यात नवल ते काय, असे आज कोणासही वाटेल. परंतु शंकररावांच्या बालपणी परिस्थिती निराळी होती. हिंदुस्थानच्या सैन्यात शिपाई हिंदी होते, तरी हुकूम देणारे वरिष्ठ अधिकारी इंग्रज असत. हिंदी माणूस फार तर सुभेदार होई. त्याहून वरची वाट त्याला बंद होती. पहिल्या महायुद्धात हजारो हिंदी सैनिकांनी परदेशांत रक्त सांडले. त्यानंतर कोठे इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी दरसाल दहा जागा मोकळ्या करण्यात आल्या. इतक्या मोठ्या देशातून निवडल्या जाणाऱ्या त्या मोजक्या तरुणांत शंकररावांचा समावेश झाला. तेथील कडक शिक्षण पुरे करून १९२६ साली त्यांनी अधिकाऱ्याची सनद मिळविली.

सनद मिळाली, तरी समान वागणूक मिळाली असे नव्हे. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली इंग्रज अधिकाऱ्यास काम करावे लागू नये, म्हणून सरकारने १९२३ साली अवघ्या आठ पलटणी निवडून हिंदी अधिकाऱ्यांची नेमणूक त्यांतच करण्याचे ठरविले होते. चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण ही त्या आठांपैकी एक. शंकरराव याच पलटणीत दाखल झाले. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयूबखान हेही याच पलटणीतील अधिकारी होते. जवान पंजाबचे, अधिकारी करवीरचा. भाषा निराळी, चालीरीती निराळ्या. परंतु जवानाशी बोलायचे तर त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, त्याचे घर, त्याचे शेत, त्याची सुखदुःखे जाणून घेतली पाहिजेत, हा धडा शंकररावांनी येथेच गिरविला. हुकूम देण्याचा अधिकार सनदेमुळे मिळतो, पण ज्याच्यामागे जवान मरणाच्या दारातही जातात, असा नायक केवळ सनदेने होता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या शिक्षणाची परीक्षा झाली. १९४२ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश जिंकला आणि ते हिंदुस्थानच्या सीमेवर येऊन ठेपले. दोन वर्षांच्या झुंजीनंतर १९४४ साली इंफाळ व कोहिमा येथे त्यांना मागे रेटण्यात आले आणि मग ब्रह्मदेश परत घेण्याची मोहीम सुरू झाली. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर आराकान नावाचा प्रदेश आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस घनदाट अरण्याने झाकलेले डोंगर आणि मध्ये भरती-ओहोटीच्या खाड्या, चिखल व तिवरांची दाट जाळी, असा हा भाग. शंकरराव त्या वेळी लेफ्टनंट कर्नल असून दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सेनापती होते. त्यांच्या पलटणीत शीख, डोग्रा आणि पंजाबी मुसलमान असे तीनही जवान खांद्याला खांदा लावून लढत होते.

ही पलटण ज्या एक्कावनाव्या ब्रिगेडमध्ये होती, तिचे एक वैशिष्ट्य होते. तिच्या तिन्ही पलटणींचे सेनापती हिंदी होते. हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर कूर्गचे थिमय्या, बलुच रेजिमेंटच्या पलटणीवर बंगालचे सेन आणि पंजाब रेजिमेंटच्या पलटणीवर कोल्हापूरचे थोरात. हिंदी माणूस शूर शिपाई असेल, परंतु आधुनिक युद्धात पलटण चालविण्याची बुद्धी व धीर त्याच्या अंगी नाही, असे म्हणणारे त्या काळी थोडे नव्हते. या तिघांच्या यशापयशाकडे त्यामुळे सर्वांचे लक्ष लागलेले होते.

जानेवारी १९४५ मध्ये कांगाव या गावाजवळ निर्णायक लढाई झाली. आराकानातून माघार घेणाऱ्या जपानी फौजेचा मार्ग या गावावरून जात होता. तो मार्ग तोडला, की शत्रूची कोंडी होणार, हे दोन्ही पक्ष ओळखून होते. २२ जानेवारी रोजी दोस्त फौजा खाड्यांतून नावांनी येऊन चिखलात उतरल्या. परंतु रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या टेकड्या जपान्यांच्या हाती होत्या. त्यांपैकी मेलरोझ असे सांकेतिक नाव दिलेली टेकडी सर्वांत महत्त्वाची होती. जपानी सैनिकांनी तिच्या पोटात खंदक व भुयारी मोर्चे खणले होते. वरून तोफांचा व विमानांचा मारा होई, तेव्हा ते त्यांत दडून बसत. आणि मारा थांबून पायदळ चढू लागले, की बाहेर येऊन मशीनगनचा वर्षाव करीत.

२९ जानेवारी रोजी ही टेकडी घेण्याची कामगिरी थोरातांच्या पलटणीकडे आली. समोर उघडी चढण आणि माथ्यावर जिवावर उदार झालेला शत्रू, असा तो प्रसंग होता. जवान पडत होते, तरी मागच्यांची पावले थांबत नव्हती. अखेर माथ्यावर संगिनींची व हातघाईची लढाई झाली. आपल्या मोर्च्यात शेवटच्या श्वासापर्यंत लढण्याची जपान्यांची रीत होती. शरण येणे त्यांना ठाऊक नव्हते. अशा शत्रूला एकेका खंदकातून हुसकावीत थोरातांच्या जवानांनी टेकडी जिंकली. या विजयाची किंमत मोठी होती. अनेक तरुण त्या मातीत कायमचे झोपी गेले.

कांगावच्या लढाईतील नेतृत्वाबद्दल थिमय्या, सेन व थोरात या तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा बहुमान मिळाला. रणांगणावर शत्रूसमोर सैन्याचे कुशल नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्यास हा मान देत असत. एकाच ब्रिगेडमधील तिन्ही हिंदी सेनापतींना तो मिळाल्यामुळे हिंदी माणसाच्या योग्यतेविषयीच्या शंकेला परस्पर उत्तर मिळाले.

दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवसांत त्याची फाळणीही झाली. देशाबरोबर सैन्याचीही वाटणी करण्यात आली. ज्या पलटणीत शंकररावांनी सैनिकी जीवनाचा श्रीगणेशा केला, ती चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पलटण पाकिस्तानकडे गेली. आणि जिच्यासह त्यांनी मेलरोझची टेकडी जिंकली, ती पलटण भारताकडे राहिली. तीच पुढे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या मानाच्या दलाची पहिली पलटण झाली. काल ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो, ते आज परदेशाचे सैनिक झाले, हे दुःख त्या पिढीच्या प्रत्येक अधिकाऱ्याने मुकाट्याने गिळले. स्वतंत्र भारताच्या सैन्यात शंकरराव चढत चढत मेजर जनरलच्या पदास पोहोचले.

आता त्यांच्या आयुष्यातील दुसरी आणि अधिक कठीण कसोटी जवळ येत होती. ती आपल्या देशात नव्हे, तर दूर पूर्वेला, कोरियात व्हावयाची होती.

कोरिया हा देश दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर व दक्षिण असा दुभंगला होता. १९५० साली त्या दोन भागांत युद्ध पेटले. दक्षिणेच्या बाजूस अमेरिका व संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या, तर उत्तरेच्या बाजूस चीनचे सैन्य आले. तीन वर्षे संहार चालून २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. हा युद्धविराम इतका लांबण्याचे एक मोठे कारण म्हणजे युद्धकैद्यांचा प्रश्न. दक्षिणेकडील बंदीवासात असे हजारो चिनी व उत्तर कोरियन सैनिक होते, की जे आपल्या देशी परत जावयास तयार नव्हते. उत्तरेचा पक्ष म्हणे, की कैद्यांना धाकदपटशाने तसे बोलावयास लावले आहे. दक्षिणेचा पक्ष म्हणे, की कोणाही माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध परत पाठविणे हा अन्याय आहे. शेवटी असे ठरले, की हे कैदी काही काळ तटस्थ राष्ट्रांच्या स्वाधीन करावेत. परत जाण्याविषयी दोन्ही पक्षांना त्यांची समजूत घालू द्यावी आणि मग प्रत्येक कैद्याने भीतीवाचून आपला निर्णय घ्यावा.

या कामासाठी भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या पाच राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. अध्यक्षपद भारताकडे आले आणि जनरल थिमय्या अध्यक्ष झाले. कैद्यांवर पहारा ठेवण्याचे काम एकट्या भारताने करावयाचे होते. त्यासाठी सुमारे सहा हजार सैनिकांचे जे दल पाठविण्यात आले, त्याचे सेनापती म्हणून शंकरराव थोरातांची निवड झाली. कांगावचे दोन सोबती आठ वर्षांनी पुन्हा एकत्र आले. या वेळी मात्र युद्ध जिंकण्यासाठी नव्हे, तर शांतता टिकविण्यासाठी.

संकटाची चाहूल किनाऱ्यालाच लागली. भारतीय दलाची जहाजे इंचॉन बंदरात पोहोचली, तेव्हा दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास साफ नकार दिला. कैद्यांचे तळ तर आतल्या बाजूस, दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात होते. मधली भूमी ओलांडल्यावाचून तेथे जाणार कसे? या अडचणीतून मार्ग काढला तो हेलिकॉप्टरांनी. भारतीय सैनिकांना जहाजांवरून एका विमानवाहू नौकेवर नेण्यात आले आणि तिच्या फलाटावरून अमेरिकन नौसैनिक दलाच्या वैमानिकांनी त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविले. दक्षिण कोरियाच्या भूमीला पाऊल न लावता सारे दल आपल्या जागी पोहोचले.

हेलिकॉप्टर ही आज आपल्या परिचयाची वस्तू झाली आहे. पूर आला, दरड कोसळली, की ते मदतीला धावून येते. परंतु त्या काळी ते नवेच होते. धावपट्टीवाचून जागच्या जागी वर उठणारे आणि हव्या त्या ठिकाणी उतरणारे हे यान कोरियाच्या युद्धातच प्रथम मोठ्या प्रमाणावर उपयोगात आले. आघाडीवरील जखमी सैनिकांना उचलून रुग्णालयात पोहोचविण्यासाठी तेथील वैमानिक गोळीबाराची तमा न बाळगता डोंगरदऱ्यांत उतरत असत. हजारो घायाळांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले. भारतीय वायुदलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ साली, म्हणजे या घटनेनंतर, दाखल झाले. तेव्हा सप्टेंबर १९५३ मध्ये समुद्रावरून उडत परक्या देशातील काटेरी तारांच्या पट्ट्यात उतरणाऱ्या आपल्या जवानांना तो अनुभव किती अद्भुत वाटला असेल, याची कल्पनाच करावी.

भारतीय दलाच्या छावणीला हिंदनगर असे नाव देण्यात आले. दक्षिणेच्या बाजूने त्यांच्या स्वाधीन झालेल्या कैद्यांची संख्या बावीस हजारांहून अधिक होती. त्यांत चौदा हजारांवर चिनी होते. काटेरी तारांनी वेढलेल्या निरनिराळ्या आवारांत, प्रत्येकी सुमारे पाचशे, अशा रीतीने त्यांना ठेवले होते. परंतु आवारांच्या आत सत्ता चाले ती कैद्यांच्या म्होरक्यांची. त्यांनी आपापल्या टोळ्या बांधल्या होत्या. मायदेशी परत जाण्याची इच्छा कोणी बोलून दाखविली, तर त्याला मारझोड होई. कित्येकांचे तर प्राणही घेण्यात आले. भारत कम्युनिस्टांना सामील आहे आणि हे सैनिक आपल्याला बळजबरीने परत पाठविणार आहेत, असे या कैद्यांच्या मनात भरविण्यात आले होते. त्यामुळे पहाऱ्यावरील जवानांवर शिव्यांचा आणि दगडांचा वर्षाव होऊ लागला.

अशा स्थितीत सैनिकाने काय करावे? कैदी हे भारताचे शत्रू नव्हते. भारताचे त्यांच्याशी कोणतेही वैर नव्हते. ते एका अर्थी आपल्या आश्रयाला ठेवलेले, घरापासून दूर पडलेले दुर्दैवी जीव होते. त्यांच्यावर गोळी झाडावी, तर ज्या कामासाठी आलो त्याच्यावरच पाणी पडणार. आणि झाडू नये, तर सहा हजारांनी बावीस हजार खवळलेल्या माणसांना आवरावयाचे कसे? रणांगणावर वीराचा मार्ग सरळ असतो. समोर शत्रू, मागे सहकारी आणि हाती शस्त्र. येथे शस्त्र होते, परंतु समोर शत्रू नव्हता. दगड अंगावर झेलूनही शांत उभे राहा, असे आपल्या जवानांना शिकविणे हे टेकडी जिंकण्यापेक्षा कठीण काम थोरातांना करावे लागले.

सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस तो कसोटीचा क्षण आला. एका आवारातील चिनी कैदी अकस्मात बिथरले आणि तेथे कामावर असलेले भारतीय अधिकारी मेजर ग्रेवाल यांना त्यांनी पकडून आत ओढून नेले. तारांच्या आत संतप्त कैद्यांचा समुदाय आणि त्यांच्या तावडीत एकटा भारतीय अधिकारी. बाहेर जवानांचे रक्त उसळले होते. आपल्या अधिकाऱ्याला सोडविण्यासाठी आत घुसण्यास ते अधीर झाले होते. आता काय होते, या चिंतेने सारा तळ स्तब्ध झाला.

बातमी कळताच थोरात तेथे आले. त्यांच्यासमोर दोन मार्ग होते. बळाचा वापर करून आवार ताब्यात घेणे हा एक. पण बंदुकीचा पहिला बार होताच ग्रेवालांचा प्राण गेला असता, शेकडो कैदी मारले गेले असते आणि शेजारच्या आवारांतील हजारो कैदी तारा मोडून बाहेर पडले असते. नुकताच कोठे झालेला युद्धविराम त्या आगीत होरपळून निघाला असता. दुसरा मार्ग होता तो स्वतः आत जाण्याचा. थोरातांनी तो पत्करला. मोजके सहकारी बरोबर घेऊन, हाती शस्त्र न धरता, हा मेजर जनरलच्या पदाचा अधिकारी तारेच्या फाटकातून त्या गर्दीत शिरला.

क्षणभर त्या देखाव्याची कल्पना करा. चहूबाजूंनी आरडाओरडा चालला आहे, वळलेल्या मुठी दिसत आहेत, समोरच्यांची भाषा आपल्याला कळत नाही, आपली त्यांना कळत नाही. कोणा एका माथेफिरूने हात उचलला, तर बाहेरच्या जवानांची मदत पोहोचण्यापूर्वीच सारे संपणार. अशा वेळी चेहऱ्यावर भीतीची छटा दिसली तर जमावाला चेव येतो, आणि संतापाची छटा दिसली तरी भडका उडतो. थोरातांनी या दोहोंनाही आपल्याजवळ फिरकू दिले नाही. त्यांनी शांतपणे म्होरक्यांशी बोलणे सुरू केले. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, आपले म्हणणे त्यांच्या गळी उतरविले. धमकीला जेथे धमकीनेच उत्तर मिळाले असते, तेथे आपल्यावर विश्वास ठेवून रिकाम्या हातांनी आत आलेल्या माणसावर हात टाकणे त्या कैद्यांनाही जड गेले. हळूहळू गलका ओसरला. अखेर ग्रेवाल मोकळे झाले आणि थोरात त्यांना सुखरूप घेऊन बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही, एकाही माणसाचा प्राण गेला नाही.

सगळेच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांनी तारा मोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पहारेकऱ्यांना गोळीबार करणे भाग पडले आणि काही कैदी प्राणास मुकले. दोन्ही पक्षांची वर्तमानपत्रे भारतीय दलाला दूषणे देत होती. एक पक्ष म्हणे, तुम्ही कैद्यांना पाठीशी घालता. दुसरा म्हणे, तुम्ही त्यांच्यावर जुलूम करता. त्या वर्षीची कोरियातील थंडीही आपल्या जवानांनी कधी अनुभवली नव्हती अशी होती. तरीसुद्धा दलाची शिस्त ढळली नाही. जानेवारी १९५४ मध्ये नेमून दिलेली मुदत संपली आणि परत न गेलेले कैदी पूर्वीच्या पक्षांकडे सोपविण्यात आले. दोन्हीकडे जाण्यास नाखूश असलेले शंभराहूनही कमी कैदी भारतीय दलासोबत भारतात आले. ज्यांच्यावर अविश्वासाने दगड फेकले गेले होते, त्यांच्याच देशाचा आसरा त्यांतल्या काहींना अखेर सुरक्षित वाटला.

कोरियातील या धैर्याबद्दल भारत सरकारने थोरातांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, हे पदक दिले. याच पदकाला १९६७ सालापासून कीर्तिचक्र म्हणतात. हे पदक रणांगणावरील शत्रूसमोर गाजविलेल्या शौर्याबद्दल दिले जात नाही. शत्रू समोर नसताना प्राण संकटात घालून जे धैर्य दाखविले जाते, त्याचा तो गौरव असतो. थोरातांच्या छातीवर अशा रीतीने दोन निराळ्या शौर्यांची दोन चिन्हे शेजारी शेजारी झळकू लागली. एक शस्त्र चालविल्याबद्दल, दुसरे न चालविल्याबद्दल.

धैर्याचे आणखी एक रूप त्यांना पुढील काळात दाखवावे लागले. १९५७ साली लेफ्टनंट जनरल थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. त्या विभागाचे ठाणे तेव्हा लखनौ येथे होते आणि आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो, त्या प्रदेशाची सीमा त्यांच्या देखरेखीखाली येत होती. चीनशी आपली मैत्री आहे, तिकडून धोका नाही, अशी त्या वेळी पुष्कळांची समजूत होती. थोरातांनी त्या डोंगराळ सीमेचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये आपले निष्कर्ष लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठविले. चीनकडून आक्रमण होऊ शकते, आपली तेथील सिद्धता अपुरी आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. अगदी सीमेवर, जेथे रस्ता नाही व रसद पोहोचत नाही, तेथे मुख्य बचाव करू नये. पुढे केवळ लहान चौक्या ठेवाव्यात आणि खरी झुंज मागच्या बाजूस, आपली रसद जवळ व शत्रूची लांब पडेल अशा जागी द्यावी, असा त्यांचा विचार होता. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौ येथे लाल किल्ला या नावाने एक लष्करी सरावही घेतला आणि आक्रमण झालेच तर ते कसे होईल, हे अधिकाऱ्यांपुढे मांडून दाखविले.

त्यांचा इशारा संरक्षणमंत्र्यांनी मनावर घेतला नाही. सरसेनापती थिमय्या यांनी आपल्यामागून त्या पदासाठी थोरातांची शिफारस केली होती. परंतु निवड दुसऱ्या अधिकाऱ्याची झाली आणि मे १९६१ मध्ये थोरात सेवानिवृत्त होऊन कोल्हापुरास परतले. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने आक्रमण केले. त्यांनी ज्या उणिवा दाखविल्या होत्या, त्यांचे कटू फळ देशाला भोगावे लागले. आपले भाकीत खरे ठरले याचा आनंद कोणाही खऱ्या सैनिकाला होणे शक्य नव्हते; त्या भाकिताची किंमत त्याच्याच जवानांनी बर्फात मोजली होती. युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेऊन त्यांच्याशी विचारविनिमय केला. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी राज्याची सेवा केली. आपल्या सैनिकी आयुष्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत आणि 'माझी शिपाईगिरी' या नावाने मराठीतही लिहिल्या. इतक्या मोठ्या पदावर पोहोचलेल्या सेनानीने आपल्या आयुष्याला शिपाईगिरी हे साधे नाव द्यावे, यात त्यांच्या स्वभावाची ओळख पटते. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

शंकररावांच्या चरित्राकडे पाहिले, की एक गोष्ट मनात ठसते. कांगावच्या टेकडीवर त्यांच्या पाठीशी तोफा होत्या. लखनौच्या कचेरीत त्यांच्या हाती केवळ लेखणी होती. कोरियातील त्या आवारात तर त्यांच्याजवळ काहीच नव्हते. साधने बदलत गेली, परंतु माणूस तोच राहिला. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला रणांगण येते. परंतु खवळलेला घोळका, एकटा सापडलेला सोबती आणि पुढे व्हावे की मागे सरावे हा पेच, यांना शाळेच्या मैदानावर किंवा गावच्या चावडीवरही तोंड द्यावे लागते. अशा वेळी हात उगारणे सोपे असते आणि मागे सरणे त्याहून सोपे. या दोन्ही सोप्या वाटा सोडून शांत चित्ताने पुढे जाता आले, तर काटेरी तारांचे ते फाटक ओलांडणाऱ्या करवीरच्या सेनानीचे आपण काही लागतो, असे खुशाल म्हणावे.